‘गिटार रोमँटिक’ कसा ऐकावा : एका बँडच्या एकमेव अल्बमची ऐकणी

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात ‘द एक्स्प्लोडिंग हार्ट्‌स’ नावाचा चार तरुणांचा बँड होता. या बँडने स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला पूर्ण अल्बम एकच आहे. त्याचे नाव ‘गिटार रोमँटिक’. डर्टनॅप रेकॉर्ड्‌स या छोट्या कंपनीने तो २००३ साली प्रसिद्ध केला. त्यात १० गाणी असून ती सगळी अर्ध्या तासाच्या आत संपतात. मुंबईत रॉक संगीत मनापासून ऐकणारे मराठी श्रोते पुष्कळ आहेत, तरी त्यांच्यापैकी बऱ्याच जणांपर्यंत हा अल्बम उशिरा पोहोचतो, आणि पोहोचतो तेव्हा बहुधा एका दुःखद हकिकतीसह पोहोचतो. ती हकिकत आधी कानावर पडली की गाणी तिच्या सावलीत ऐकली जातात, आणि या गाण्यांच्या वाट्याला येणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे असे माझे ठाम मत आहे. म्हणून ऐकण्याचा क्रम ठरवून घ्यावा : आधी गाणी, मग ती कोणत्या परंपरेतून आली ते, आणि बँडचे पुढे काय झाले ते सर्वांत शेवटी. पुढील मजकुरातील ‘बँडची हकिकत’ हा भाग अल्बम किमान एकदा सलग ऐकून झाल्यावरच वाचावा, अशी विनंती आहे.

साधने आणि जागा

हा अल्बम ऐकण्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. तो मुद्दामच खरखरीत, तीक्ष्ण आणि काहीसा दाटीवाटीचा आवाज ठेवून ध्वनिमुद्रित केलेला आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील स्वस्त ‘सिंगल’ (बाजूला एकेक गाणे असलेल्या) तबकड्यांचा जो आवाज असे, तोच या मंडळींना हवा होता. त्यामुळे पहिल्या गाण्याच्या आरंभीच काहीतरी बिघडले आहे असे वाटून अॅम्प्लिफायरच्या कळा फिरवू नयेत. विशेषतः बास वाढवण्याचा मोह टाळावा, कारण बास वाढवला की गिटारच्या कडा बोथट होतात आणि या अल्बमचा सगळा जीव त्या कडांमध्ये आहे. टोनच्या कळा मध्यावर ठेवाव्यात. मोबाइलमधील अॅपवर ‘बास बूस्ट’ किंवा सभागृहाचा आभास निर्माण करणारी एखादी सोय चालू असेल तर ती बंद करावी.

आवाजाची पातळी मात्र नीट ठरवावी लागते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असताना मानवी कानाला खर्जातील आणि अतितार भागातील ध्वनी मधल्या पट्टीच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. त्यामुळे अगदी हळू आवाजात ऐकल्यास बासगिटार नाहीशी होते आणि झांजा विझून जातात. दुसरीकडे आपली घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, हेही विसरून चालत नाही. निवासी भागासाठी नियमाने ठरलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रस्त्यावरची रहदारीच ती बहुतेक वेळा ओलांडते. म्हणून स्पीकरवर ऐकायचे असेल तर दुपारची किंवा संध्याकाळची वेळ निवडावी आणि रात्री तारेचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा. दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर कोपऱ्यात दडपून ठेवू नयेत, कारण कोपरा खर्जाचे ध्वनी फुगवतो. भिंतीपासून वीतभर तरी पुढे घेऊन दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण होईल असे बसावे.

लोकलमध्ये हा अल्बम ऐकावा का, असा प्रश्न मुंबईकराच्या मनात येणारच. चर्चगेटहून वांद्र्याला धीम्या गाडीने जायला लागतो साधारण तेवढाच वेळ हा अल्बम घेतो, त्यामुळे सोय चांगली आहे. तरीही पहिली ऐकणी लोकलमध्ये करू नये. डब्यातील गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज इतका वाढवावा लागतो की कान लवकर थकतात, आणि या अल्बममधील पाठीमागचे गायन तर त्या गोंगाटात पार बुडून जाते. गाणी पाठ झाल्यावर मात्र लोकलसारखी जागा नाही.

तबकडी विकत घ्यायची असल्यास थोडी चिकाटी हवी. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले आणि परदेशी अल्बम हातात घेऊन, मलपृष्ठ वाचून निवडण्याची एक मोठी जागा शहराने गमावली. माहीमचे रिव्हॉल्व्हर क्लब हे दुकान नव्या व्हायनिल तबकड्यांसाठी चांगले आहे. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांचे ढीग अजूनही मिळतात, परंतु तिथे प्रामुख्याने हिंदी चित्रपटसंगीत, गझल आणि जुने, भारतात छापले गेलेले पाश्चात्त्य अल्बम सापडतात, आणि २००३ सालचा पोर्टलंडचा अल्बम तिथे शोधण्यात अर्थ नाही. अल्बमच्या २० वर्षांच्या निमित्ताने थर्ड मॅन रेकॉर्ड्‌सने २०२३ साली त्याची नव्याने मास्टर केलेली, वाढीव आवृत्ती काढली आणि ती मागवून घेता येते. जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी समान पातळीवर आणावा. थोडी मोठी वाजणारी प्रत नेहमीच अधिक चांगली भासते, आणि तेवढ्यावर निकाल देणे योग्य नाही.

एक खबरदारी आवर्जून सांगायला हवी. घरातील चावीच्या ग्रामोफोनवर व्हायनिलची तबकडी कधीही लावू नये. त्याची पोलादी सुई आणि जड मुंडी लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी बनवलेली असून व्हायनिलची खाच ती एकाच वादनात खराब करते. आजच्या टर्नटेबलवर सुईचा भार साधारण दीड ते दोन ग्रॅम असतो, आणि तो कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) निर्मात्याने दिलेल्या पत्रकाप्रमाणेच ठेवावा. अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ असे लिहिलेले प्रवेशछिद्र नसेल तर वेगळा फोनो प्रीअॅम्प लागतो, कारण तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम जास्त केलेले असतात आणि ते पूर्ववत करण्याचे काम हा प्रीअॅम्प करतो. रेल्वेमार्गालगतच्या किंवा उड्डाणपुलाजवळच्या इमारतींत जमिनीतून येणारी थरथर सुईपर्यंत पोहोचते. टर्नटेबलखाली कडप्प्याची एक जाड फरशी आणि तिच्याखाली रबराचे तुकडे ठेवले की ती पुष्कळ कमी होते.

तीन वेळा ऐकणे

पहिल्या वेळी काहीही शोधू नये. ‘मॉडर्न किक्स’ या पहिल्या गाण्यापासून ‘स्टिल क्रेझी’ या दहाव्या गाण्यापर्यंत मध्ये न थांबता, क्रम न बदलता, हातातला फोन दूर ठेवून अल्बम ऐकावा. भावगीतावर आणि चित्रपटगीतावर वाढलेल्या कानाला इथे एक गोष्ट वेगळी लागेल. आपल्याकडे गाणे बहुधा धृपदाने उघडते आणि प्रत्येक कडव्यानंतर त्याच्याकडे परतते. इथे आधी कडवे येते, ते चढत जाते, आणि जिथे सगळे मिळून गातात ते धृपद त्यानंतर फुटते. त्यामुळे पहिल्या १५-२० सेकंदांत गाण्याची चाल हाती लागली नाही तरी थांबावे. या अल्बममध्ये धृपदासाठी फार वाट पाहावी लागत नाही.

दुसऱ्या वेळी फक्त गिटारकडे लक्ष द्यावे, आणि त्यासाठी पॉवर पॉप म्हणजे काय हे थोडे समजून घ्यावे. हा शब्द ‘द हू’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी १९६७ साली आपल्या संगीताबद्दल बोलताना वापरला. कल्पना सोपी आहे : बीटल्सच्या धाटणीची गोड, चटकन ओठांवर येणारी चाल घ्यायची, तिला अनेक कंठांची साथ द्यायची आणि हे सगळे अतिशय जोरदार, फाटक्या आवाजाच्या गिटारवर उभे करायचे. १९७२ साली मेम्फिसच्या ‘बिग स्टार’ने आणि क्लीव्हलंडच्या ‘रास्पबेरीज’ने या कल्पनेला पक्का आकार दिला. दशकाच्या शेवटी इंग्लंडमधील पंकच्या, म्हणजे वेगवान आणि ओबडधोबड रॉकच्या, लाटेतून ‘बझकॉक्स’सारख्या बँडने तिचा वेग वाढवला, आणि १९७९ साली लॉस एंजेलिसच्या ‘द नॅक’ने ती अमेरिकेतील प्रथम क्रमांकावर नेली. ‘एक्स्प्लोडिंग हार्ट्‌स’चे तरुण यानंतर दोन दशकांनी आले. त्यांचे कान मात्र त्याच काळात रमलेले होते.

गिटारच्या आवाजाचे गमक पॉवर कॉर्डमध्ये आहे, आणि मराठी श्रोत्याला ते समजायला मुळीच अवघड नाही. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम एकत्र, बहुधा वरच्या षड्जासह. तानपुऱ्यावर आपण रोज ऐकतो तीच ही जोडी आहे. पाश्चात्त्य संगीतातील पूर्ण कॉर्डमध्ये गांधारही असतो आणि तो शुद्ध की कोमल यावरून कॉर्डचा स्वभाव ठरतो, पण अॅम्प्लिफायर फाटेपर्यंत चढवला की गांधारामुळे नादात गढूळपणा येतो, म्हणून तो वगळतात. उरतात ते भक्कम, पण स्वभाव न सांगणारे दोन स्वर. मग गाणे आनंदी आहे की उदास, हे सांगण्याचे काम गायकाच्या चालीवर आणि दुसऱ्या गिटारच्या बारीक सुरावटीवर येऊन पडते. ‘गिटार रोमँटिक’मध्ये अॅडम कॉक्स आणि टेरी सिक्स या दोन गिटारवादकांत ही वाटणी कशी झाली आहे ते दुसऱ्या ऐकणीत शोधावे : एक जण भिंत उभी करतो आणि दुसरा तिच्यावर रेघ ओढतो, आणि धृपदाशी दोघे पुष्कळदा एकत्र येतात. हे ऐकू येऊ लागले की अल्बमचा खरखरीतपणा दोष वाटेनासा होतो. मॅट फिट्‌झजेराल्ड यांची बासगिटार आणि जेरेमी गेज यांचे ड्रम यांच्याकडे याच ऐकणीत एखाद्या गाण्यापुरते तरी लक्ष द्यावे. मी त्यासाठी ‘आय अॅम अ प्रिटेंडर’ सुचवीन.

तिसरी ऐकणी गायनाची. अॅडम कॉक्स अमेरिकी असूनही ब्रिटिश वळणाच्या उच्चारात गातात, आणि काही श्रोत्यांना पहिल्यांदा ते सोंग वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्याकडेही नाट्यसंगीत गाणारा तरुण गायक आधी बालगंधर्वांची एखादी जागा जशीच्या तशी उचलतो, ती घोटतो, आणि तिच्यातूनच पुढे स्वतःचा आवाज शोधतो. कोणावर आपले प्रेम आहे हे लपवायचे नाही, असा हा उघड बाणा आहे. शब्द साधे आहेत : प्रेम, मत्सर, गावातल्या अफवा, कंटाळा, मोडलेले मन. शब्दांत मोठा काव्यार्थ शोधत बसण्यापेक्षा धृपदात मागून येणारे सामूहिक आवाज ऐकावेत. ते पूर्ण सुरेल नाहीत, थोडे ओरडून म्हटलेले आहेत, आणि नेमके त्यामुळेच आपणही त्यांत आवाज मिसळावा असे वाटते. ‘थ्रोअवे स्टाइल’ या तुलनेने संथ गाण्यात १९६०च्या दशकातील अमेरिकी पॉपची ऊब आहे, आणि जोराच्या गाण्यांनी दमलेल्या कानाला ते विश्रांती देते. अल्बममधील माझे सर्वांत आवडते गाणे हेच आहे.

गाण्यांची लांबीही ध्यानात घ्यावी. तीन मिनिटांचे गाणे ही पाश्चात्त्य पॉपची खोड नसून तबकडीची मर्यादा होती. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि आपले भावगीतही त्याच मर्यादेत वाढले. पुढे तबकड्या मोठ्या झाल्या, पण थोडक्या वेळात सगळे सांगून संपवण्याची शिस्त पॉवर पॉपने आनंदाने टिकवून ठेवली. या अल्बममध्ये गिटारचे लांबलचक एकल वादन आढळत नाही. ज्यांना त्याची सवय आहे त्यांनी ती बाजूला ठेवूनच ऐकायला बसावे.

बँडची हकिकत

अल्बम प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांतच, २० जुलै २००३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रम आटोपून पोर्टलंडला परतताना ओरेगनमधील यूजीन शहराजवळ बँडची व्हॅन उलटली. अॅडम कॉक्स, मॅट फिट्‌झजेराल्ड आणि जेरेमी गेज या तिघांचा मृत्यू झाला. कॉक्स २३ वर्षांचे होते आणि इतर दोघे त्यांच्याहून लहान होते. टेरी सिक्स आणि बँडच्या व्यवस्थापक असे दोघे वाचले. अल्बम ‘एकमेव’ ठरला तो असा.

आता हे समजल्यावर चौथ्यांदा ऐकाल तेव्हा मन आपोआप खुणा शोधू लागेल. ‘स्लीपिंग एड्‌स अँड रेझरब्लेड्‌स’ या गाण्याच्या नावातच झोपेची औषधे आणि ब्लेड आहेत. बँडच्या नावात फुटणारी हृदये आहेत. या सगळ्याला भाकीत मानू नये. प्रेमभंगाला मरणाची भाषा देणे ही १९५०-६०च्या दशकांपासून चालत आलेली तरुण पॉपची जुनी रीत आहे आणि हे गाणे त्या रीतीतले आहे. ही गाणी रचताना आणि गाताना या चौघांच्या समोर पुढचा कार्यक्रम, पुढची सिंगल आणि पुढचा अल्बम होता. शेवटचा शब्द सांगून जावा अशा हेतूने त्यांनी यातली एकही ओळ गायलेली नाही. अल्बममध्ये जी घाई आहे ती कमी आयुष्याची घाई नव्हे, तर विशीतल्या माणसांची आहे, आणि तिला तेवढीच मानणे हाच त्यांच्याविषयीचा खरा आदर आहे असे मला वाटते.

या हकिकतीत एक नाव बहुधा मागे राहते, ते इथे नोंदवले पाहिजे. न्यू ऑर्लिन्सचे संगीतकार किंग लुई बँकस्टन हे काही काळ या बँडबरोबर होते आणि अल्बममधील अनेक गाण्यांच्या रचनेत त्यांचा वाटा आहे. पोर्टलंडच्या चार मुलांच्या संगीतात अमेरिकेच्या दक्षिणेकडील जुन्या रॉक अँड रोलचा जो ठसका जाणवतो, त्याचे श्रेय मी पुष्कळ अंशी त्यांना देतो. बँकस्टन यांचे २०२२ साली निधन झाले.

इतरांना ऐकवायचा असल्यास

मुंबईत एखाद्या वाचनालयाच्या खोलीत किंवा सोसायटीच्या सभागृहात जमून संगीत ऐकण्याची पद्धत आजही टिकून आहे. तिथे शास्त्रीय गायन आणि जुनी चित्रपटगीते जास्त वाजतात, पण रॉकच्या अल्बमला त्या पद्धतीने बसणे फार मानवते. ‘गिटार रोमँटिक’ लहान असल्यामुळे दीड तासाच्या बैठकीत तो दोनदा सलग वाजवता येतो, आणि तसाच वाजवावा. निवेदकाने सुरुवातीला पाच मिनिटांहून अधिक बोलू नये. त्याने शहर, वर्ष, वादकांची नावे आणि पॉवर पॉपचा अर्थ सांगावा, अपघाताचा उल्लेख करू नये. पहिल्या वादनानंतर श्रोत्यांना बोलू द्यावे. ज्यांचे कान गायकीवर घडले आहेत त्यांच्याकडून फार चांगले प्रश्न येतात, विशेषतः हे लोक सुरात का गात नाहीत हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर देण्याऐवजी निवेदकाने ‘थ्रोअवे स्टाइल’ पुन्हा लावावे. त्यानंतर हकिकत सांगावी आणि मग दुसरे वादन करावे. दोन वादनांत काय बदलले यावर चर्चा आपोआप होते. बैठक रात्री दहाच्या आत संपवावी.

तबकडी वापरणार असाल तर पावसाळ्यात एक काळजी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत पुठ्ठ्याच्या कव्हरवर आणि तबकडीच्या खाचांत बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, कागदाच्या आतल्या पाकिटाऐवजी प्लास्टिकचे अस्तर असलेले पाकीट वापरावे आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. वाजवण्याआधी कार्बनच्या मऊ तंतूंचा ब्रश हलकेच फिरवावा.

यानंतर काय ऐकावे

याच बँडचे इकडेतिकडे विखुरलेले ध्वनिमुद्रण ‘शॅटर्ड’ या नावाने २००६ साली संकलित झाले. तो संग्रह आहे, अल्बम नव्हे, आणि त्याकडे तसेच पाहावे : गाण्यांचे कच्चे रूप आणि पक्के रूप शेजारी ठेवून ऐकण्यासाठी तो उत्तम आहे. ज्यांना ‘एकमेव’ या प्रकाराचेच कुतूहल आहे त्यांनी लिव्हरपूलच्या ‘द लाझ’ या बँडचा १९९० सालचा, बँडच्याच नावाचा अल्बम घ्यावा. तोही त्यांचा स्टुडिओत केलेला एकच अल्बम आहे, पण त्यामागचे कारण अगदी वेगळे आहे : ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा करूनही गायक ली मेव्हर्स यांचे समाधान झाले नाही, आणि प्रसिद्ध झालेला अल्बमही त्यांनी आपला मानला नाही. दोन्ही अल्बम एका आठवड्यात ऐकले तर एकमेवपणाला स्वतःचा असा कोणताही आवाज नसतो, हे स्पष्ट होते.

टेरी सिक्स यांनी पुढेही संगीत सोडले नाही. आधी ‘द नाइस बॉइज’ या बँडचा अल्बम २००६ साली आला, आणि नंतर ते आणि बँकस्टन ‘टेरी अँड लुई’ या नावाने पुन्हा एकत्र आले. त्यांचा अल्बम २०१८ साली प्रसिद्ध झाला. ‘गिटार रोमँटिक’ चांगला मुरल्यावर तो ऐकावा आणि त्यातील गिटारचा पहिला आघात कानावर पडताच कोणता हात कोणाचा, हे ओळखून पाहावे.